अकरा आणि बारा नंबरची एक वायर

बनशंकरी, ४ जून २०२४

अभिराज,

तुझा फोन येतो तेव्हा मी हं हं म्हणते ते तुला बरं वाटावं म्हणून. ऐकू काही येत नाही. कानातलं मशीन घातलं की सगळे पातेल्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. तेव्हा लिहीत जा. मी तिसरीपर्यंत शिकले, पण अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तुला मराठी अक्षरं शाळेने नाही, मीच शिकवली, आता ती वापर. इलेक्ट्रॉनिक सिटीहून बनशंकरीला पत्र यायला चार दिवस लागतात म्हणे. लागू देत. मला कुठे गाडी पकडायची आहे?

इथे मी बरी आहे. तुझ्या आईचं आणि माझं एका स्वयंपाकघरात जमलं नाही म्हणून मी या वृद्धाश्रमात आले, कुणी टाकलं नाही, हे तुझ्या बापाला सांग. तो दर रविवारी तोंड पाडून बसतो.

कामाचं लिहिते. तू हौसेने खालच्या हॉलात कॅमेरा लावलास आणि खोल्याखोल्यांतून टीव्ही दिलेस, त्याने सगळं अडलं आहे. ऑफिसातला कंप्यूटर चालत नाही. पोरंबाळं परदेशातून फोन करतात त्यांची तोंडं मध्येच थिजतात. मॅनेजर सुधींद्र मला बघितलं की म्हणतो, "अज्जी, तुमच्या नातवाला स्वल्प सांगा हो." मी काय तुझी सेक्रेटरी?

पण ते बंद नको करूस. माझ्या शेजारी बारा नंबरात अहल्याक्का आहे. झटक्याने उजवं अंग आणि वाचा गेली, डावा हात तेवढा हलतो. तिचा नवरा रघुनंदनराव खाली पुरुषांच्या बाजूला, खुब्याचं हाड मोडलेला, चाकाच्या खुर्चीत. लिफ्ट नाही. तो वर येत नाही, ती खाली जात नाही. अक्का सोलापूरची. बावन्न वर्षं बसवनगुडीत राहिली पण कन्नड वाचायला शिकली नाही, म्हणून राव रोज सकाळी कॉफीबरोबर तिला कन्नड पेपर मराठीत वाचून दाखवायचे. आता ते दहा वाजता हॉलात सगळ्यांना वाचून दाखवतात. सगळ्यांना म्हणजे तिलाच. समोरचे बाकीचे डुलक्या घेत असतात. ती वर टीव्हीवर नवऱ्याला बघते. तिला दिवसात तेवढंच आहे.

येऊन नीट कर.

सोयराबाई

—

इलेक्ट्रॉनिक सिटी, ११ जून २०२४

प्रिय आजी,

रविवारी आलो तेव्हा तू झोपली होतीस, उठवलं नाही. काम झालं. काय झालं होतं ते सांगतो, म्हणजे सुधींद्रअण्णांना तूच समजावशील.

ऑफिसात भिंतीवर जो स्विच आहे (दिव्याचा नव्हे, टीव्हीचं चित्र वाटून देणारा), त्यातून प्रत्येक खोलीकडे एक वायर जाते. हॉलचं चित्र आणि ती जुनी गाणी, असे दोन चॅनेल त्यातून निघतात. आधी तो स्विच दोन्ही चॅनेल सगळ्याच वायरींवर ओतत होता, कुणी बघो न बघो. ऑफिसच्या कंप्यूटरवरसुद्धा. म्हणून सगळं तुंबलं. आता मी त्याला सांगितलंय की ज्या टीव्हीने मागितलं त्याच्याच वायरीवर सोड. टीव्हीखालची पेटी "मला हॉल हवा" असा निरोप पाठवते, स्विच देतो. तू चॅनेल बदललास की पेटी "हॉल नको" म्हणते, स्विच तिथल्या तिथे बंद करतो. एक क्षण वाया जात नाही. वरच्या मजल्याच्या वायरी जुन्या आणि बारीक आहेत, त्यांवर दोन-दोन चॅनेल एकदम गेले तर चित्र फुटतं, म्हणून मुद्दाम तसं केलं.

सगळं पळतंय आता. अण्णांनी मला मसाला दोसा खाऊ घातला.

तुझा,
अभिराज

—

बनशंकरी, २ जुलै २०२४

अभिराज,

पळतंय खरं. सुधींद्र आता मला नमस्कार करतो.

माझे गुडघे सकाळी वाकत नाहीत, मी जेवायलाच काय ती खाली उतरते. म्हणून दहाला मीही टीव्ही लावते. राव आधी आज कुठे कुठे वीज जाणार ती यादी वाचतात. जयनगर चौथा ब्लॉक, पद्मनाभनगर, सगळं ठणठणीत आवाजात, जणू लग्नाच्या याद्या. ती यादी मी ऐकते, मला बरं वाटतं की आपली नाही जात. मग ते राजकारणात शिरतात. तिथून पुढे मला त्यांचा आवाज खरकटं पातेलं घासल्यासारखा लागतो. मी गाणी लावते.

आता एक भानगड. मी गाणी लावली की शेजारून अक्का भिंत ठोकते. ऐकू येत नाही मला, पण पलंग भिंतीला लागून आहे, पाठीत कळतं. ठक ठक. थांबून पुन्हा ठक ठक. मला ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा ठेवते, त्याचा तिला त्रास होतो हे उघड आहे. मी कमी केला. तरी ठोकते. बंद केला. तरी थोडा वेळ ठोकते, मग थांबते. मानी बाई आहे, एकदा चिडली की लगेच विझत नाही.

पहिल्यांदा मलाही राग आला. मीही दोन ठोके दिले उलट. मग वाटलं, तिला बोलता येत नाही, भांडायचं तर कशाने भांडणार?

काही उपाय आहे का तुझ्याकडे?

सोयराबाई

—

इलेक्ट्रॉनिक सिटी, १५ जुलै २०२४

आजी,

घाईत लिहितोय, ऑफिसात नवीन प्रोजेक्ट आहे, रोज उशीर होतो. उपाय सोपा आहे. गाणी नको लावूस. यादी ऐकून झाली की सरळ पेटी बंद कर. अक्कांना शांतपणे ऐकू दे. कानाला लावायचे हेडफोन दिवाळीला आणतो.

अभिराज

—

बनशंकरी, २० ऑगस्ट २०२४

अभिराज,

तुझ्या चार ओळी पोचल्या. पोस्टाचं तिकीट फुकट घालवलंस.

तू म्हणालास तसं करते. यादी संपली की बंद. तरी अक्का ठोकते. म्हणजे यादीच्या वेळचाही आवाज तिला खुपत असणार. म्हणून आता अर्धीच यादी ऐकते. पाच मिनिटं. जन्मात कुणाची एवढी भीड ठेवली नव्हती मी, तुझ्या आजोबांचीसुद्धा नाही.

आणि माझंच बरोबर आहे, त्याला पुरावा आहे. गेल्या आठवड्यात मला तीन दिवस ताप होता. टीव्ही लावलाच नाही. तीन दिवस एकही ठोका नाही. चौथ्या दिवशी लावला, पाच मिनिटांनी बंद केला, की ठक ठक.

जेवताना राव माझ्या समोरच्या खुर्चीला असतात. रोज विचारतात, "सोयराबाई, आज बघितलं का हो तिने?" मी सांगते, बघितलं असेल, मी काय तिच्या उशाशी बसले होते? मग ते अक्षराला विचारतात. अक्षरा म्हणजे आमच्या मजल्याची आया. पोरगी चांगली आहे, पण दहा ते अकरा ती खाली बाकीच्यांना भरवत असते. वर पावणेदहाला अक्काचा टीव्ही लावून जाते. ती म्हणते, "बघितलं की अण्णा, मीच लावून दिलं." मग राव खूष होऊन ताक पितात.

हल्ली अक्का ठोकते ते अगदी हळू. मला बोटं लावून बघावं लागतं.

सोयराबाई

—

बनशंकरी, १९ सप्टेंबर २०२४

अभिराज,

अहल्याक्का गेली. १२ तारखेला, सकाळी दहा ते अकराच्या मध्ये कधीतरी. खाली राव पेपर वाचत होते. अक्षरा वर आली तेव्हा संपलं होतं. राव शेवटच्या पानापर्यंत वाचत होते, कुणाला थांबवायचं धैर्य झालं नाही. सगळं वाचून, घडी घालून झाल्यावर सुधींद्रने सांगितलं.

मी रडले नाही. माझी काही ती मैत्रीण नव्हती, तीन महिने तिने मला भिंत ठोकली.

तेराव्यापर्यंतही राव थांबले नाहीत. पाचव्या दिवशी खुर्चीत येऊन पुन्हा पेपर उघडला. दुपारी जेवताना म्हणाले, "तिचं शेवटचं ऐकणं माझं झालं. माझा आवाज कानात घेऊन गेली. आता सवय मोडवत नाही." सगळ्या बायकांनी डोळे पुसले. मी लाडू खात होते.

आता मी तुला का लिहिते ते नीट वाच. काल अक्षरा बारा नंबरची खोली पुसत होती. मला म्हणाली, "अज्जी, एक मनात आहे. मी अकरा वाजता वर यायची तेव्हा अक्काचा टीव्ही रोज काळाच असायचा. मला वाटायचं त्या झोपल्या म्हणून आपोआप बंद होतो. सुधींद्र सरांना सांगितलं, ते दुपारी आले, बटण दाबलं, लगेच चालू झाला. म्हणाले, चांगला तर आहे." मी विचारलं, रोज? ती म्हणाली, रोज. मग म्हणाली, तुम्हाला ताप होता ते दोन-तीन दिवस तेवढा चालू असायचा.

हे काय आहे?

सोयराबाई

—

इलेक्ट्रॉनिक सिटी, ३० सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

अक्कांचं वाचून फार वाईट वाटलं. रघुनंदन आजोबांना माझा नमस्कार सांग.

टीव्हीचं म्हणशील तर ती पेटीच खराब असणार. स्वस्तातल्या पेट्या आहेत, गरम झाल्या की बंद पडतात. तुझ्या तापाचा आणि त्याचा काही संबंध नाही, योगायोग. तू फार विचार करू नकोस. मी पुढच्या महिन्यात येऊन पेटी बदलतो.

अभिराज

—

बनशंकरी, ८ ऑक्टोबर २०२४

अभिराज,

तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा "फार विचार करू नकोस" म्हणायचास. तेव्हा सहा वर्षांचा होतास, शोभायचं.

मी काय केलं ते ऐक. बारा नंबर अजून रिकामा आहे. मी अक्षराला खालचं भरवायचं काम दुसरीवर सोपवायला लावून तिथे बसवलं, टीव्ही लावला, हॉल. इकडे माझा लावला, हॉल. दोन्हीकडे राव. मग मी माझी पेटी बंद केली. अक्षरा ओरडली असणार, मला कळलं नाही, ती धावत आली म्हणून कळलं. तिकडे राव थिजले, मग काळं. तसंच बसलो अर्धा तास. आलं नाही. मग तिकडचं बटण दाबलं, आलं. चार वेळा केलं. चार वेळा तेच. गाणी लावून बघितली, तेच. अक्षराला भूत वाटलं. मला भूत नाही वाटलं, मला तू वाटलास.

अभिराज, ती आवाज कमी कर म्हणत नव्हती. ती म्हणत होती, लाव. पुन्हा लाव. आणि मी तिच्यावर उपकार म्हणून रोज अजून लवकर बंद करत गेले.

मला खरं लिही. मी शहाण्णव गल्ल्यांतून एकटी भाजी विकून तुझ्या बापाला वाढवला आहे, खऱ्याने मी मरत नाही.

सोयराबाई

—

इलेक्ट्रॉनिक सिटी, १५ ऑक्टोबर २०२४

आजी,

तुझं १९ सप्टेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. मग तुला ते खोटं लिहिलं.

स्विचला वायर दिसते, माणूस दिसत नाही. वर वायरी ओढताना शेवटची कमी पडली. नवी आणायला जावं लागलं असतं. म्हणून मी अकरा आणि बारा, तुमच्या दोन खोल्यांना मिळून एकच वायर आणली आणि व्हरांड्यात छोटा डबा लावून तिची दोन तोंडं केली. मग विसरलो. तू चॅनेल बदललास की तुझी पेटी स्विचला म्हणायची, हॉल नको. तो त्या वायरीवरून हॉल काढून घ्यायचा. त्याच वायरीवर अक्काही होत्या.

खरं म्हणजे स्विचला एक रीत असते. एक जण "मी चाललो" म्हणाला की तो तोडण्याआधी त्या वायरीवर विचारतो, अजून कुणी आहे का? उत्तर आलं तर चालू ठेवतो. दोन-तीन सेकंद लागतात त्याला. मी तेच विचारणं बंद केलं होतं. लवकर व्हावं म्हणून. त्यानंतरही दर दोन मिनिटांनी तो सगळीकडे एकदा विचारतो, पण आपली पेटी तोवर थांबत नाही, दमते आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत काळीच राहते. अक्कांच्या हाताशी रिमोट नव्हता. डाव्या हाताला भिंत होती.

आणि तू दोन जुलैला मला सगळं लिहिलं होतंस. ठोके कधी येतात तेसुद्धा. मी नीट वाचलं असतं तर एका मिनिटात ओळखलं असतं. हे माझं रोजचं काम आहे, आजी. मी तुला उलट, सरळ पेटी बंद कर असं लिहिलं.

काल रात्री इथे बसूनच ती सेटिंग बदलली. एवढंसं काम होतं.

एक मागतो. रघुनंदन आजोबांना सांगू नकोस. ती आपला आवाज कानात घेऊन गेली, एवढ्यावर ते जगताहेत. ते काढून घेऊन कुणाचं भलं होणार आहे? मला शिक्षा हवी असेल तर तू दे.

अभिराज

—

बनशंकरी, २७ ऑक्टोबर २०२४

अभिराज,

पाच दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवलं. सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. रोज जेवायला उतरले, रोज राव समोर, रोज म्हणायचे, "शेवटी ऐकलं तिने." मी मान हलवायची. सहाव्या दिवशी ते म्हणाले, "सोयराबाई, तुम्ही भाग्यवान, तुम्ही तिच्या शेजारी होतात."  हा माणूस मला भाग्यवान म्हणत जगणार आणि मी ते ऐकून भात कालवणार? मला नाही जमलं. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठीही नाही. मला जमलं नाही म्हणून सांगितलं, हे पक्कं ध्यानात ठेव.

मी म्हटलं, "राव, तिने ऐकलं नाही."

ते म्हणाले, "झोपायची का?"

"नाही. जागी असायची. पाच मिनिटं दिसायचात तुम्ही, मग माझ्या हाताने बंद पडायचं. ती भिंत ठोकायची. मला कळलं नाही."

मग वायरीचं सांगितलं, जेवढं मला समजलं तेवढं. तुझं नाव घेतलं. लपवलं नाही.

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "रोज?"

"मला ताप होता ते तीन दिवस सोडून."

"ते कुठले?"

मी तारखा सांगितल्या. त्यांनी सुधींद्रला हाक मारून त्या तीन दिवसांचे पेपर मागितले. रद्दी गेलेली. त्यांचे बराच वेळ ओठ हलत होते, मला वाटतं काय वाचलं होतं ते आठवत होते. आठवलं नसावं.

मग म्हणाले, "मला वर न्या."

सुधींद्र म्हणाला, "अण्णा, वर बायकांचा मजला, आणि जिना अरुंद, रूल असा आहे की..." मी त्याला रूलचं काय करायचं ते सांगितलं, इथे लिहीत नाही. त्याने स्वयंपाक्याला बोलावलं, वॉचमन आला, माळी आला. चौघांनी खुर्ची उचलली. मी मागून चढले, गुडघे गुडघ्यांच्या जागी. बावीस पायऱ्या आहेत. कुणी धापसुद्धा टाकली नाही, रावांच्या अंगात राहिलंय काय.

खोलीत गादी नाही, वाळवायला गच्चीवर टाकलेली. नुसती लोखंडी खाट. त्यांनी तिच्या पट्ट्यांवर हात ठेवला. मग भिंतीला, ती हात लावायची तिथे. चुना स्वल्प झिजला आहे तिथे, मी आधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, टीव्ही लावा. अक्षराने लावला. खालचा हॉल दिसला. टेबल, त्यावर पेपर, चष्मा. खुर्चीची जागा रिकामी, कारण खुर्ची इथे. ते बघत राहिले. म्हणाले, "इतक्या लांबून दिसायचो मी?" माळ्याने होय म्हटलं. त्याला काय कळणार, विचारलं म्हणून उत्तर दिलं.

पुन्हा खाली नेलं. सगळं मिळून पाव तास झाला असेल.

अभिराज, वायर तुझी चुकली, ठोके मला कळले नाहीत, ते आपलं दोघांचं. पण एक आणखी आहे आणि ते मला गिळता येत नाही. आठ महिने तो म्हातारा खाली आणि ती वर. चार माणसं आणि बावीस पायऱ्या. कुठल्याही दिवशी नेता आलं असतं. सुधींद्रला सुचलं नाही, अक्षराला नाही, त्यांनी स्वतः मागितलं नाही. आणि मी, सगळ्यांना अक्कल शिकवणारी, रोज दुपारी तोच जिना उतरून त्यांच्यासमोर जेवत होते, मलाही सुचलं नाही. टीव्ही होता ना. सगळ्यांना वाटलं, भेट होतेय.

तू येऊन त्यांच्यासमोर उभा राहा. ते काय बोलतील मला माहीत नाही. शिव्या दिल्या तर घे. हेडफोन आणू नकोस, मी टीव्ही लावत नाही.

वाचन बंद झालं आहे. दहा वाजता लोक हॉलात येऊन बसतात, मग उठून जातात. राव जेवायला येतात, समोरच्याच खुर्चीला बसतात. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. अक्षरा म्हणते, अज्जी, तुम्हाला दुसऱ्या टेबलावर ताट लावू का?

मी नको म्हटलं. त्यांना बघायचं नसेल तर त्यांनी मान फिरवावी. मी तिथेच बसते.

सोयराबाई